सायटेशनची भिशी

क्षिप्रा गद्रेचा एच-इंडेक्स पाच होता आणि एकतीस जानेवारीला संध्याकाळी पाच वाजायच्या आत तो सहा व्हायला हवा होता. जगाचं यात काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते फक्त क्षिप्राचं.

एच-इंडेक्स म्हणजे काय, हे तिनं घरी सासूबाईंना तीनदा समजावलं होतं. आपले सहा पेपर असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा निदान सहा जणांनी आपापल्या पेपरात उल्लेख केलेला असावा. या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सहा लग्नं लावायची, आणि प्रत्येक लग्नाचा विषय सहा घरांत निघाला पाहिजे." क्षिप्राला विद्यापीठाच्या परिपत्रकापेक्षा ही व्याख्या सोपी वाटली. तिच्या पाच लग्नांची चर्चा बऱ्यापैकी झाली होती. सहाव्याबद्दल दोन वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हा सहावा पेपर जवळच्या नावडे गावातल्या भरावाखालच्या चिकणमातीवर होता. खाडीच्या चिकणमातीवर भराव टाकला की आतलं पाणी हळूहळू निघतं, जमीन खाली बसत जाते, आणि ती पुरती बसल्याशिवाय वर इमारत बांधू नये. क्षिप्रानं नमुने काढून, प्रयोगशाळेत दाबून, हिशेब मांडून सांगितलं होतं की या जमिनीला बसायला सात वर्षं लागतात. पेपर छापून आला त्या दिवशी तिनं विभागात पेढे वाटले होते. पेढे सगळ्यांनी खाल्ले. पेपर कुणी वाचला नाही.

खारघरच्या ज्या शिक्षण संकुलात ती बारा वर्षं सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत होती, तिथे सहयोगी प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती. ज्याचा आकडा सहा, तो मुलाखतीला. ज्याचा पाच, तो संस्थेच्या रोह्याच्या तंत्रनिकेतनात, 'सेवा वर्ग' या गोड नावाखाली. घरी ऋता दहावीत, नवरा आशुतोष महाप्याला कंपनीत, आणि क्षिप्रा रोह्यात, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे दिवसातून तीसेक वेळा यायचं. चित्रात ती कायम बस स्टॉपवर उभी असायची. बस कधी आलेली दिसली नाही.

यातून वाट काढली होती चौथ्या मजल्यावरच्या प्रेमला मॅडमनी.

संकुलाची इमारत सात मजल्यांची आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं कॉलेज. तळापासून मोजलं तर फार्मसी, फिजिओथेरपी, इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, लॉ, हॉटेल मॅनेजमेंट आणि मास मीडिया. प्रेमला मॅडम मॅनेजमेंटच्या. त्या राहत्या सोसायटीत चार भिश्या चालवायच्या आणि आजवर एकही बुडाली नव्हती. गेल्या जूनमध्ये त्यांनी प्रत्येक मजल्यावरून एकेक माणूस गोळा केला, स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "इथे प्रत्येकाला सहा सायटेशन पाहिजेत आणि आपण सात आहोत. देवानेच मोजून मजले बांधलेत."

नियम साधे. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल, त्याच्या एका पेपराचा उल्लेख बाकी सहा जणांनी आपल्या येत्या पेपरात करायचा. विषय कुठलाही असो. "विषय जुळत नाही ही सबब ऐकली जाणार नाही," प्रेमला मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. "लग्नात तरी कुठे जुळतात."

पेपर तसे मिळायचेच. संकुल दर महिन्याला स्वतःच एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवायचं. आंतरराष्ट्रीय एवढ्यासाठी, की मास मीडियाच्या सुयशचा मावसभाऊ दुबईहून ऑनलाइन हजर राहायचा.

जुलैपासून डिसेंबरपर्यंत क्षिप्रानं आपलं देणं इमानानं दिलं. फार्मसीच्या सुधीर सरांचा पेपर उंदरांच्या मूतखड्यावर कुळथाच्या अर्काचा काय परिणाम होतो यावर होता. तिनं आपल्या पेपरात लिहिलं, 'चिकणमातीतून पाण्याचा निचरा अतिशय मंद असतो. मंद निचऱ्याचे दुष्परिणाम इतरत्रही नोंदवले गेले आहेत.' आणि खाली उंदरांचा संदर्भ. लॉच्या मीना मॅडमचा पेपर पोलिसांच्या दबावाखाली दिलेल्या जबाबांवर होता. तिनं लिहिलं, 'दाब वाढवल्याबरोबर मिळणारा पहिला प्रतिसाद ग्राह्य धरू नये.' हे लिहिताना तिला लाज वाटली होती. पण वाक्य खरं होतं, हीसुद्धा पंचाईतच.

दर महिन्याला चिठ्ठी निघायची आणि ती दुसऱ्याची असायची. नोव्हेंबरात तिनं डबा स्वतः हलवून पाहिला. डिसेंबरात प्रेमला मॅडमचं नाव निघालं. म्हणजे जानेवारीला चिठ्ठी काढायची गरजच उरली नाही.

"शेवटचा नंबर सगळ्यांत चांगला," प्रेमला मॅडम म्हणाल्या. "वाट बघण्यात एक गंमत असते."

ज्यानं आयुष्यात एकदा तरी भिशी लावली आहे, त्याला ही गंमत ठाऊक असते. सहा जणांचा नंबर लागून गेला की सातव्याचा फोन कुणी उचलत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपीचे नंदकिशोर सर नोकरी सोडून नाशिकला गेले. क्षिप्राला ही बातमी लिफ्टमध्ये कळली आणि ती तिसऱ्या मजल्याऐवजी थेट सातव्यावर पोचली. तिथून तिनं फोन लावला.

"सर, तुम्ही जाताय हे सांगितलं नाहीत."

"अहो गद्रे मॅडम, टाकलंय तुमचं. जायच्या आधी टाकलंय. पान चौदा बघा."

तिनं पान चौदा पाहिलं. 'चिकणमातीप्रमाणेच मानवी गुडघाही सततच्या भाराखाली हळूहळू दबतो.' एक आलं.

मग प्रेमला मॅडमचं आलं. 'खचलेल्या जमिनीबाबत अभ्यास उपलब्ध आहेत. खचलेल्या कर्मचाऱ्यांबाबत मात्र ते अपुरे आहेत.' सुधीर सरांनी तिची चिकणमाती उंदरांच्या पिंजऱ्याखाली पसरली. मीना मॅडमनी ती शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या दाव्यात घातली. सुयशनं चार वेळा 'झालं समजा' म्हणून पाचव्या वेळी खरंच केलं. त्याचा पेपर दैनंदिन मालिकांवर होता आणि त्यात म्हटलं होतं की, या मालिकांची कथानकंही भरावावर उभी असतात.

पंचवीस जानेवारीपर्यंत पाच झाली. क्षिप्रा सकाळी उठल्याबरोबर वेबसाइट उघडायची, दात घासून पुन्हा उघडायची. आशुतोष म्हणाला, "तो आकडा आहे, दूध नाही. बघितलं नाहीस तर उतू जाणार नाही." ती फोनकडेच बघत होती, कारण तेवढ्यात पान लोड होत होतं.

सहावं सायटेशन हॉटेल मॅनेजमेंटच्या सयाजी सरांकडे अडकलं होतं. ते फोन उचलत नव्हते. मेसेजवर दोन निळ्या खुणा येत होत्या आणि पुढे शुकशुकाट. शेवटी ती जिन्यानं सहाव्या मजल्यावर गेली. लिफ्टवर आता तिचा विश्वास नव्हता.

सयाजी सर कराडकडचे. अंगापिंडानं पैलवान, डोक्यावर उंच पांढरी टोपी. प्रयोगशाळेच्या ओट्यावर पुरणपोळीच्या कणकेचे वीस सारखे गोळे मांडून ते एकेक काट्यावर तोलत होते. तिला पाहून त्यांनी टोपी काढली. हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"मॅडम, मी तुमचा फोन मुद्दाम उचलत नव्हतो."

"ते मला कळलं, सर."

"त्याचं काय झालं, मी तुमचा पेपर वाचला."

क्षिप्राला क्षणभर वाक्यच समजलं नाही. भिशीच्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं.

"का?" तिनं विचारलं.

"नुसतं नाव टाकणारच होतो. पण माझा पेपर कणकेतल्या पाण्यावर आहे. ओली कणीक तोलायची, ओव्हनमध्ये वाळवायची, परत तोलायची. तुमच्याकडंबी तीच रीत, ओव्हनबी तोच. म्हटलं वाचूया, शिकाय मिळंल." त्यांनी कपाटातून तिच्या पेपराची प्रत काढली. तिच्यावर हळदीचा डाग होता. "तक्ता तीन बघा. ओल्या मातीचं वजन शंभर ग्रॅम. तीच वाळवल्यावर एकशे अडुसष्ट."

क्षिप्रानं पाहिलं.

"पीठ भिजवलं की जड होतं, मॅडम," सयाजी सर अगदी हळू, जणू पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलत होते. "तुमची माती भिजवली की हलकी होतीया. अशी माती असती तर आम्ही तिचे फुलके केले असते."

"छपाईची चूक असेल. रकान्यांची अदलाबदल."

"असंल की. तेच मी लिवलंय." त्यांनी आपला कागद पुढे केला. 'गद्रे यांच्या तक्ता क्रमांक तीनमध्ये वाळलेली माती ओल्या मातीपेक्षा जड दाखवली आहे. कणकेच्या बाबतीत असे आढळले नाही. सदर निष्कर्ष पुन्हा तपासावेत.'

"हे... हे छापणार आहात तुम्ही?"

"तुम्ही म्हणाल तसं. म्हणून तर फोन उचलत नव्हतो. काय बोलावं सुचंना. नुसतं नाव टाकू म्हणाल तर नुसतं नाव टाकतो. शुक्रवारी वेबसाइटवर चढतंय सगळं."

आकडा मोजणाऱ्या वेबसाइटला वाक्य वाचता येत नाही, तिला फक्त नाव दिसतं, हे दोघांनाही माहीत होतं. शिव्या घातल्या तरी सायटेशन ते सायटेशनच. पण मुलाखतीला माणसं असतात, आणि त्यांना वाचता येतं. निदान तसं गृहीत धरलेलं असतं.

"नुसतं नाव टाका, सर," क्षिप्रा म्हणाली.

"बरं," सयाजी सर म्हणाले, आणि त्यांनी टोपी परत घातली.

तिसऱ्या मजल्यावर येऊन तिनं प्रयोगशाळेचं जुनं रजिस्टर काढलं, स्वतःच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून. रजिस्टरमध्ये ओली माती एकशे अडुसष्ट, कोरडी शंभर, असं तिच्याच अक्षरात नीट लिहिलेलं होतं. कॉम्प्युटरवर चढवताना रकाने उलटे झाले होते. एवढंच असतं तर छपाईची चूक म्हणून चाललं असतं. पण मग तिनं ती फाईल उघडली आणि सूत्राच्या चौकटीत बोट ठेवल्यावर तिला दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

रकाने उलटे झाल्यामुळे पाण्याचं प्रमाण उणे चाळीस टक्के आलं होतं. पाणी उणे कसं असेल, असं म्हणून तिनं फार विचार न करता सूत्रात बदल करून ते उणे चिन्ह घालवलं होतं. घरी सिंकमध्ये झुरळ दिसलं की आपण भांडं पालथं घालतो, तसं. चाळीस टक्के ओली माती म्हणजे बऱ्यापैकी घट्ट माती. खरी माती अडुसष्ट टक्के ओली होती. म्हणजे जवळजवळ पेजच.

तिनं पुन्हा हिशेब मांडला. सात वर्षांची एकोणीस झाली. तिनं दुसऱ्यांदा मांडला. एकोणीसच. तिसऱ्यांदा मांडायच्या आधी तिला वामनकाका आठवले, आणि तिनं लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

मातीचे नमुने ज्या जमिनीतून काढले, ती नावड्याच्या वामनकाकांची. मुळातले शेतकरी. त्यांच्या खाजणातल्या शेतावर भराव पडला, तेव्हा क्षिप्रा यंत्र घेऊन तिथे गेली होती. काकांनी भोकं पाडू दिली, वर ताडगोळे खायला घातले, आणि दर खेपेला एकच प्रश्न विचारला, की जमीन बसेल कधी. पेपर छापून आल्यावर तिनं फोन करून सांगितलं होतं, भराव टाकल्यापासून सात वर्षं. मोठ्या दिमाखानं सांगितलं होतं.

आता तिनं पुन्हा फोन लावला. दोनदा कापला आणि तिसऱ्यांदा वाजू दिला.

"अगो मॅडम, आता तुजीच आठवन काडली," वामनकाका म्हणाले. "सात वरसां झाली ना? रूपेश पाया खनाला घेतो पुढच्या महिन्यान. सात मजली बांधतो. तुज्या हिशेबाशी जुलवून."

क्षिप्रानं खुर्चीचा हात धरला. "काका, माझा हिशेब चुकला होता. सात नाही. एकोणीस."

पलीकडे कोंबडी ओरडली.

"एकोनीस," ते म्हणाले. "मंग मी बघनार नाय. बरा झाला सांगितलास. पन ह्यो रूपेश माजा ऐकनार नाय. त्यालाच सांग."

रूपेश त्यांचा पुतण्या. फोनवर आला तो गाडीत बसल्यासारखाच बोलत होता. "मॅडम, तुमी काय बोलताय? बँकेला, महापालिकेला, सगल्यांना तुमचाच पेपर जोडलाय आमी. छापील हाय. सात लिवलंय. माझा इंजिनेर छापीलच मानतो. फोनवर बोललेला त्याला चालत नाय."

"मी सांगतेय ना, तो पेपर चुकीचा आहे."

"मंग तसा छापून द्या ना. टेन्शन नको घेऊ, मॅडम. छापील दाखवा, मी काम थांबवतो. नायतर पंधरा तारखेला पूजा हाय."

क्षिप्रा पुन्हा जिना चढून सहाव्या मजल्यावर गेली. सयाजी सर वाळलेले गोळे तोलत होते.

"सर, ते वाक्य परत टाका. पूर्ण."

सयाजी सरांनी काटा थांबवला. "नक्की? मुलाखतीत कुणी वाचलं तर?"

"शुक्रवारपर्यंत छापून येणारं दुसरं काही माझ्याकडे नाही. आणि आकडा एकोणीस आहे, सर. तोही टाका."

शुक्रवारी पेपर चढला. क्षिप्रानं त्याची लिंक रूपेशला पाठवली. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "मॅडम, हा तर पुरनपोलीचा पेपर हाय. इंजिनेर हसतो इथं."

एकतीस तारखेला संध्याकाळी पाचला ऑफिसनं वेबसाइट उघडून प्रिंटआउट काढलं. क्षिप्रा गद्रे: सहा. प्रेमला मॅडमनी डबा धुऊन पालथा घातला.

मुलाखत पाच फेब्रुवारीला झाली. टेबलापलीकडे प्राचार्य, रजिस्ट्रार आणि सांगलीहून आलेले बाहेरचे तज्ज्ञ, मातीच्या विषयातले, रिटायरमेंटला टेकलेले. क्षिप्रानं सुती साडी नेसली होती. तज्ज्ञांनी पुढ्यातली फाईल उघडली आणि एकेक वाक्य मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गुडघा वाचला. उंदीर वाचले. खचलेले कर्मचारी वाचताना ते जरा थांबले.

"किती जणांची आहे?" त्यांनी विचारलं.

"काय, सर?"

"भिशी."

प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर टेकडी होती आणि ती नेहमीसारखीच उभी होती.

"सात जणांची," क्षिप्रा म्हणाली.

"आमच्याकडे अकरा आहेत," तज्ज्ञ म्हणाले. "दिवाळीला दोन चिठ्ठ्या काढतात." मग त्यांनी शेवटचा कागद उचलला, चष्मा पुसला आणि सयाजी सरांचं वाक्य मनातल्या मनात वाचलं. "हे कोण?"

"हॉटेल मॅनेजमेंटचे सर आहेत. सहावा मजला."

"तुमच्या सहा सायटेशनांत तुमच्या पेपराबद्दल बोलणारा हा एकटाच. खरं आहे का हे?"

उत्तर तयार होतं. 'छपाईची चूक.' दोनच शब्द. रात्रभर घोकलेले.

"खरं आहे, सर," ती म्हणाली. "रकाने उलटे झाले, उणे आलं ते मी पुसलं, आणि सातच्या जागी एकोणीस हवेत."

"दुरुस्ती पाठवली त्या जर्नलला?"

रजिस्ट्रारसाहेबांनी घसा खाकरला. ते नियमांचे माणूस. त्यांच्या टेबलावर देवाच्या तसबिरीच्या जागी नियमावली होती. "एक सांगून ठेवतो, मॅडम. दुरुस्ती स्वीकारली गेली की पेपर नव्यानं धरतात. नव्या पेपराला सायटेशन शून्य. म्हणजे तुमचे सहाचे पाच."

"म्हणजे पाठवू नको?"

"असं मी कुठे म्हटलं? मी म्हटलं, आदेशावर सही व्हायच्या वेळी आकडा परत बघतात. सही उद्या दुपारी. दुरुस्ती परवा पाठवली तर जर्नलचं काय बिघडणार आहे?"

तज्ज्ञांनी गुणपत्रिकेत काहीतरी लिहिलं आणि ती घडी घालून प्राचार्यांकडे सरकवली.

क्षिप्रा बाहेर बाकावर येऊन बसली. दुरुस्तीचं पत्र फोनमध्ये चार दिवस तयार होतं. परवा पाठवायचं म्हणजे फक्त दोन दिवस. चिकणमाती एकोणीस वर्षं घेते, तिला दोन दिवसांनी काय फरक पडतो. पूजा पंधराला होती. तोपर्यंत वेळ होता. सगळं हिशेबात बसत होतं, आणि नेमक्या याच गोष्टीची तिला भीती वाटली. मागच्या वेळी उणे चिन्ह पुसताना सुद्धा सगळं असंच छान बसलं होतं.

तिनं बटण दाबलं. मग आशुतोषला मेसेज केला, 'रोहा.' त्याचं उत्तर आलं, 'बरं. बसचं वेळापत्रक बघतो.'

चार मिनिटांनी जर्नलचं उत्तर आलं. आपोआप येणारं. 'आपली दुरुस्ती मिळाली. सध्या दुरुस्त्यांची संख्या मोठी असल्यामुळे निर्णयास अंदाजे अकरा महिने लागतील.' क्षिप्रानं ते तीन वेळा वाचलं. कोणकोणत्या देशांतली कोणकोणती माणसं कुठकुठली उणे चिन्हं परत आणायला रांगेत उभी आहेत, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिच्या लक्षात आलं, की रूपेशला लागणारं छापील आता पुढच्या वर्षीच मिळणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजिस्ट्रारसाहेबांनी तिला बोलावलं. तिनं जर्नलचं उत्तर पुढे ठेवलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. साहेबांनी ते चष्म्याच्या खालून वाचलं, वरून वाचलं, वेबसाइट उघडली. आकडा सहा.

"स्वीकारली गेली की, असा नियम आहे," ते म्हणाले. "पाठवली की, असा नाही. अकरा महिने तुम्ही सहा आहात. तज्ज्ञांनीही तुम्हाला चांगले गुण दिलेत. का दिलेत ते घाईघाईनं लिहिलंय, अक्षर मला लागलं नाही."

"आणि अकरा महिन्यांनंतर?"

"त्यानंतरचं त्यानंतर. इथे अर्धं खारघर अकरा महिन्यांच्या करारावर राहतं. कुणी रडतं का?" त्यांनी आदेशावर शिक्का मारला. "अभिनंदन, सहयोगी प्राध्यापक."

क्षिप्रानं आदेश हातात घेतला, पण ती उठली नाही. "सर, मला एक पत्र द्यायचं होतं. कॉलेजच्या लेटरहेडवर, एका जमीनमालकाला."

"कालपर्यंत मिळालं नसतं. लेटरहेड सहयोगी प्राध्यापकापासून वर." त्यांनी कप्प्यातून दोन कोरे कागद मोजून काढले आणि वहीत तिची सही घेतली. "विषय काय?"

"माझा पेपर चुकीचा असल्याबाबत."

रजिस्ट्रारसाहेबांनी जावक वहीत तसंच लिहिलं आणि नंबर टाकला.

संध्याकाळी साडेपाचला ती नावड्याला पोचली. भरावाच्या कडेला खांब रोवून दोरी बांधलेली होती, आणि कुणीतरी चुन्यानं पायाच्या रेघा आखून ठेवल्या होत्या. वामनकाका खुर्ची टाकून त्या रेघांकडे बघत बसले होते. रूपेशनं पत्र घेतलं, उजेडाकडे धरलं, फोन काढून त्याचा फोटो काढला आणि इंजिनिअरला पाठवला. दोघं फोनच्या काचेकडे बघत उभी राहिली.

फोन वाजला. रूपेशनं ऐकलं, हूं हूं केलं आणि ठेवला.

"काय म्हणाले?"

"मानतो बोलला. असोशियेट प्रोफेसर हाय, शिक्का हाय, मानावंच लागल." त्यानं चुन्याच्या रेघांकडे पाहिलं आणि मान खाजवली. "पन तो विचारतो, मॅडम, एकोनीस तरी नक्की ना?"

वामनकाकाही तिच्याकडे बघत होते.

"नक्की," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग पर्समधून रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स काढून खुर्चीच्या हातावर ठेवल्या. "तुमच्या इंजिनिअरला म्हणावं, आधी ही वजनं स्वतः बघा. आणि यंत्र घेऊन मी सोमवारी परत येते. नवीन भोकं पाडायला."

"ये," वामनकाका म्हणाले. "पन आता ताडगोले नाय. मोसम नाय."